ट्रेलर जोडला की मागून बसणारी गाडी: आर्वी तालुक्यातील एका एअर सस्पेन्शनचे प्रकरण

आर्वी तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाकडे पटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धावणारी गवळाऊ जातीच्या बैलांची जोडी आहे. २०१४ च्या बंदीनंतर थांबलेले शंकरपट डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेल्या परवानगीनंतर आणि पुढे मे २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालानंतर पुन्हा रीतसर भरू लागले, तेव्हा या कुटुंबाने जोडी नेण्याआणण्यासाठी एका एक्सलचा ट्रेलर बांधून घेतला आणि तो ओढायला नागपूरहून एक जुनी, सात आसनी, डिझेलवर चालणारी परदेशी बनावटीची गाडी आणली. या गाडीच्या पुढच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगा आहेत. मागच्या एक्सलवर मात्र स्प्रिंगांच्या जागी रबराचे दोन हवाबंद फुगे आहेत आणि भार वाढला की गाडी आपोआप पूर्वीच्या उंचीवर येईल अशी त्यांची व्यवस्था आहे. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे कारण नाही, कारण बिघाड बनावटीचा नव्हता.

गाडी तपासायला मला बोलावले तेव्हा तक्रार अशी होती. गाडी रिकामी असताना सस्पेन्शन निर्दोष चालत असे. ट्रेलर जोडून बैल चढवले की निघताना मागची बाजू व्यवस्थित समतल होई. परंतु पुलगावमार्गे वर्धा नदी ओलांडून धामणगावच्या दिशेने जाताना वाटेत चहापाण्याला थांबले की डावी मागची बाजू हळूहळू खाली बसे, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागे आणि फुग्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाजच बंद होई. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली की जणू काही झालेच नव्हते. शहरातल्या एका गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बदलून झाला होता, आणि नवा कॉम्प्रेसर लावल्यावरही पुढच्या पटाच्या वेळी तेच घडले. मालकांनी ते एका वाक्यात सांगितले: "रिकामी गाडी टकाटक चालते जी, पण ट्रॉली जोडली का डावीकडून बसून जाते." या वाक्यात निदानाची अर्धी दिशा होती. दोष भाराखालीच दिसत असेल, तर तो भाराखालीच शोधला पाहिजे. रिकामी गाडी लिफ्टवर चढवून तो सापडणार नाही.

ही व्यवस्था कशी चालते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक मागच्या चाकाजवळ एक उंची-सेन्सर असतो. त्याचा दांडा एक्सलला जोडलेला असल्यामुळे चेसिस आणि एक्सल यांच्यातील अंतर त्याला सतत कळत राहते. एखादी बाजू ठरलेल्या उंचीपेक्षा खाली गेली, तर नियंत्रक रिलेमार्फत कॉम्प्रेसर सुरू करून त्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडतो आणि फुग्यात हवा भरतो. बाजू वर गेली, तर तोच व्हॉल्व्ह आणि निकास-व्हॉल्व्ह उघडून हवा सोडतो. खड्ड्यागणिक हवा भरत-सोडत बसू नये म्हणून चालत्या गाडीत सेन्सरच्या आकड्यांची दीर्घ सरासरी धरली जाते, उभ्या गाडीत मात्र प्रतिसाद काही सेकंदांत येतो. कॉम्प्रेसर लहान असतो आणि सलग चालण्यासाठी बनवलेला नसतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की त्याला थांबवले जाते. पिवळा दिवा लागून कॉम्प्रेसर गप्प होणे आणि सकाळी थंड झाल्यावर पुन्हा चालणे याचा सरळ अर्थ असा, की कॉम्प्रेसर बिघडलेला नव्हता, त्याला झेपत नव्हते इतके काम कुठून तरी त्याच्या गळ्यात पडत होते. ते काम कुठून येते, हा खरा प्रश्न होता.

विजेची बाजू लवकर निकालात निघाली. फ्यूज शाबूत होता, रिलेचे संपर्क काळवंडलेले नव्हते, कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या टोकांवर १२.९ व्होल्ट मिळत होते आणि ट्रेलरच्या दिव्यांचे वायरिंग सस्पेन्शनच्या अर्थिंगपासून वेगळे होते. दोन्ही सेन्सरांचे दांडे हाताने हलवून पाहिले. सांध्यात खेळ नव्हता.

काट्यावरची पाहणी

त्यानंतर मी फुग्यांकडे न वळता आधी भाराकडे वळलो, आणि या प्रकारच्या प्रत्येक तक्रारीत हाच क्रम ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, ट्रेलर किती दाबतो हे डोळ्यांनी कळत नाही. ज्या गाडीत आपोआप समतल होण्याची सोय आहे तिच्यात तर मुळीच कळत नाही, कारण मागून बसलेली गाडी हीच भार जास्त असल्याची नैसर्गिक खूण असते आणि ही व्यवस्था नेमकी तीच खूण पुसून टाकते.

मालकांच्या घरी कापूस मोजण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, काट्यावर हिचच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा केला, त्यावर ट्रेलरचे नाक टेकवले आणि मग बैल चढवून ते नेहमीच्या जागी बांधले. काटा २०५ किलोवर स्थिरावला. गाडीच्या पुस्तिकेत हिचवरच्या उभ्या भाराची मर्यादा १४० किलो दिलेली होती. ट्रेलर रिकामा ६४० किलोचा आणि दोन्ही बैल मिळून ८२० किलोचे, म्हणजे एकूण १४६० किलो. ओढण्याच्या मर्यादेत हे वजन सहज बसत होते आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेकही होते. ब्रेक नसलेला एवढा जड ट्रेलर मी कोणत्याही गाडीला जोडू दिला नसता; युरोपात तर बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोच्या वर जाताच येत नाही. अडचण एकूण वजनाची नव्हती, ते वजन ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे किती झुकले आहे याची होती. बैल पुढच्या आडव्या दांडीला अगदी आखूड दोराने बांधले जात, त्यामुळे त्यांची छाती त्या दांडीला टेकलेली असे आणि मागे जवळपास हातभर जागा मोकळी राही.

पुढची पाहणी गावाजवळच्या जिनिंगच्या धर्मकाट्यावर केली. हंगामात तिथे कापसाच्या गाड्यांची रांग असते, पण दुपारच्या जेवणाच्या वेळी काटेवाल्यांनी वेळ काढून दिला. काटा दहा-दहा किलोंनी आकडा दाखवणारा होता. ट्रेलर न जोडलेल्या गाडीची फक्त पुढची चाके पट्टीवर घेतली तेव्हा १०८० किलो भरले आणि पूर्ण गाडी घेतली तेव्हा २३८०, म्हणजे मागच्या एक्सलवर १३००. मग बैलांसह ट्रेलर जोडून त्याची चाके पट्टीबाहेर ठेवली. पुढच्या चाकांखाली ९९० आणि पूर्ण गाडीखाली २५९० किलो आले. हिचवर २०५ किलो ठेवले आणि मागच्या एक्सलवर ३०० किलो वाढले. उरलेले सुमारे ९५ किलो पुढच्या एक्सलवरून उचलले गेले होते. हिशेब सरळ आहे. टो-बॉल, म्हणजे हिचचा ज्यावर ट्रेलरचे नाक बसते तो गोळा, मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २.६ मीटर आहे. म्हणून हिचवरच्या प्रत्येक १०० किलोमागे मागच्या एक्सलवर १४६ किलो वाढतात आणि पुढचा एक्सल ४६ किलोंनी हलका होतो.

मालक आणि त्यांचे धाकटे भाऊ दोघांनाही वाटत होते, की सस्पेन्शन नीट चालले आणि मागची बाजू वर आली की पुढचा भारही जागेवर येतो. हा समज फार सर्वत्र आहे, म्हणून तो तिथेच तपासून दाखवला. वरचे आकडे घेतले तेव्हा कॉम्प्रेसरचा फ्यूज काढून ठेवलेला होता आणि गाडी मागून बसलेली होती. आता फ्यूज लावला, दारे बंद केली, इंजिन सुरू केले; कॉम्प्रेसर चालला आणि मागची बाजू वर येऊन गाडी आडव्या रेषेत उभी राहिली. डोळ्यांना गाडीवर जणू भारच नव्हता. काट्याच्या खिडकीत आकडे मात्र तेच राहिले: पुढे ९९०, मागे १६००. फुग्यात हवा भरल्याने उंची परत मिळते, पुढच्या चाकांवरचा भार परत मिळत नाही. स्टिअरिंग हलके लागणे आणि ओल्या रस्त्यावर पुढची पकड कमी होणे हे सारे समतल दिसणाऱ्या गाडीतही तसेच चालू राहते. ट्रेलर जोडणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी धर्मकाट्यावर जाऊन ही पाहणी करावी असे मला मनापासून वाटते. त्यात अर्ध्या तासापलीकडे वेळ जात नाही.

हा जादा भार फुग्यांसाठी काय होता तेही मोजता येते. चाके, एक्सल वगैरे वजा जाता रिकाम्या गाडीत प्रत्येक फुग्यावर सुमारे ५५० किलो येतात. फुग्याचा प्रत्यक्ष भार पेलणारा व्यास १३ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ १३३ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.१ किलो. ट्रेलर जोडल्यावर प्रत्येक बाजूला १५० किलो वाढून तोच दाब ५.३ वर जातो. छोट्या कॉम्प्रेसरला शेवटची हवा भरणे किती जड जात असेल आणि रबरातली बारीकशी चीर या दाबाखाली किती उघडत असेल, हे यावरून कळावे.

धर्मकाट्यावरून परतल्यावर बैल उतरवून पुन्हा चढवताना मी गाडीच्या मागे उभा राहून पाहिले, आणि जी गोष्ट कोणी तक्रारीत सांगितली नव्हती ती तिथे दिसली. चढवण्याच्या वेळी इंजिन चालू ठेवण्याची त्यांची पद्धत होती. पहिल्या बैलाने मागच्या फळीवर पुढचे पाय ठेवून वजन टाकताच ट्रेलरची मागची बाजू खाली गेली, नाक वर उचलले गेले आणि त्याने टो-बॉलसकट गाडीची मागची बाजूही वर ओढली. काही सेकंदांत गाडीखालून फुस्स असा लांब आवाज आला: सेन्सरला गाडी उंच झाल्याचे कळले होते आणि नियंत्रकाने फुग्यांतली हवा सोडली होती. मग बैल पुढे गेला, नाक खाली आले, गाडी बसली आणि कॉम्प्रेसर घरघरू लागला. जोडीतला उजवा बैल चढताना बिचकतो. तो दोनदा मागे सरला आणि दोन्ही वेळा हवा सुटून पुन्हा भरली गेली. जोडी बांधून होईपर्यंत कॉम्प्रेसरच्या कवचावर हात ठेववत नव्हता. प्रवास सुरू होण्यापूर्वीच त्याची बरीचशी ताकद खर्च झालेली होती, आणि पुढे वाटेत थोडी जरी हवा गळाली तरी तापमानाची मर्यादा गाठायला तेवढे पुरे होते.

डावा फुगा

आता गळतीकडे. त्याआधी सुरक्षिततेची एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. हवेच्या फुग्यावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. फुगा अचानक रिकामा झाला किंवा कोणी इंजिन सुरू करताच नियंत्रकाने हवा सोडली, तर चेसिस क्षणात खाली येते. फ्यूज काढावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि चेसिसखाली दोन्ही बाजूंनी घोड्या, म्हणजे पक्के लोखंडी आधार, लावाव्यात. नुसत्या जॅकवर विसंबू नये.

गळतीची तपासणी आधीच्या गॅरेजमध्ये झाली होती आणि तिथे काही सापडले नव्हते. गाडी लिफ्टवर घेतली की चाके खाली लोंबतात, फुगा पूर्ण ताणला जातो, रबराची घडी नेहमीच्या जागेवरून सरकते आणि आतला दाबही उतरतो. अशा फुग्याचे रबर खालच्या गोल पिस्टनवर उलटे दुमडून बसते आणि गाडी खालीवर होताना ती दुमड पिस्टनवर फिरत राहते. रोजच्या उंचीला ज्या जागी दुमड पडते तिथेच रबर सर्वाधिक झिजते, आणि नेमका तोच भाग लिफ्टवर सपाट होऊन बंद झाल्यासारखा दिसतो.

म्हणून तपासणी जमिनीवर आणि भाराखाली केली. बैलांना रात्रभर उभे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या जागी हरभऱ्याची पोती रचून हिचवर पुन्हा २०५ किलो आणले. गाडी समतल होऊ दिली, फ्यूज काढला आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजून पत्र्यावर खडूने लिहिले. आदल्या रात्री हीच मोजणी रिकाम्या गाडीवर केलेली होती. तेव्हा सकाळी दोन्ही बाजू साधारण एक-एक सेंटिमीटर उतरल्या होत्या. हे उतरणे गळतीचे नव्हे. जानेवारीत आमच्याकडे संध्याकाळी २८ अंशांवर असलेली हवा पहाटे १२ अंशांपर्यंत जाते. तेवढ्याने बंद हवेचे आकारमान सुमारे पाच टक्क्यांनी घटते, आणि वीसेक सेंटिमीटरच्या हवेच्या स्तंभात त्याचा एक सेंटिमीटर होतो. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी किंचित खाली दिसली म्हणून फुगे बदलणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पोत्यांच्या भाराखाली मात्र सकाळी उजवी बाजू एक सेंटिमीटर आणि डावी बाजू सहा सेंटिमीटर उतरलेली होती.

पुन्हा हवा भरून, घोड्या लावून, साबणाचे पाणी फवारणीच्या हातपंपाने डाव्या फुग्याच्या दुमडीवर मारले. थोडा वेळ काही दिसले नाही. मग दुमडीच्या आतल्या कडेला, पिस्टनच्या बाजूने, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक वाकडी रांग उमटली. पुढे फुगा उतरवल्यावर कारण हाती लागले. पिस्टन आणि रबर यांच्यामध्ये वाळलेल्या काळ्या मातीचा कडक थर बसलेला होता आणि त्यात बारीक खडी अडकलेली होती. गाडी खालीवर होताना तो थर रबराला आतून घासत होता. हे डाव्याच बाजूला का झाले, याचे उत्तर आपल्या रस्त्यांत आहे. तालुक्याच्या एकेरी डांबरी रस्त्यावर समोरून एसटी किंवा कापसाची गाडी आली की साईड देताना डावी चाके साईडपट्टीवर उतरतात, आणि पावसाळ्यात ती चिकट माती डाव्या एक्सलभोवतीच जमा होते.

दुरुस्ती आणि बदल

एकाच वयाचे म्हणून दोन्ही फुगे बदलले. हवेच्या नळीची टोके धारदार पात्याने सरळ कापून नवीन ओ-रिंगांसह बसवली, आणि गाडीचा भार फुग्यांवर सोडण्यापूर्वी त्यांत थोडी हवा भरून घेतली. रिकाम्या फुग्यावर गाडी टेकवली तर दुमड चुकीची पडते आणि नवा फुगाही पहिल्याच दिवशी चेपतो. कॉम्प्रेसर तसाच ठेवला. त्याच्या हवा ओढणाऱ्या तोंडावरची जाळी मात्र धूळ आणि कापसाच्या तंतूंनी भरलेली होती, ती बदलली. हवेतली ओल शोषणाऱ्या ड्रायरमधले दाणे ओलसर होते, तेही बदलले. जुन्या फुग्याच्या गळतीमुळे कॉम्प्रेसर सतत नवी दमट हवा आत घेत होता आणि ड्रायरला सुकायला अवसर मिळत नव्हता.

ट्रेलरमध्ये बैलांच्या छातीपुढची दांडी ४० सेंटिमीटर मागे घेतली. ट्रेलरच्या एक्सलपासून टो-बॉलपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे; ८२० किलो वजन ०.४ मीटर मागे सरकले की हिचवरचा भार सुमारे १०९ किलोंनी उतरतो. घरच्या काट्यावर तो ९६ किलो भरला, म्हणजे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साडेसहा टक्क्यांच्या आसपास. याहून कमी करण्याचा मोह टाळला पाहिजे: हिचवरचा भार फार हलका झाला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि ते बसलेल्या गाडीपेक्षा कितीतरी धोक्याचे असते. धर्मकाट्यावर आता पुढे १०४० आणि मागे १४४० किलो आले. ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यांना खाली सोडता येणारे दोन टेकू वेल्ड करून घेतले, जेणेकरून बैल चढताना फळीवरचा भार जमिनीवर जाईल आणि नाक उचलले जाणार नाही. चढवताना इंजिन बंद ठेवायचे, जोडी बांधून झाल्यावर टेकू वर घ्यायचे, दारे लावून इंजिन सुरू करायचे आणि गाडी समतल होऊन कॉम्प्रेसर शांत होईपर्यंत जागेवर थांबायचे, असा क्रम ठरला. धाकट्या भावांनी तो ट्रेलरच्या आतल्या पत्र्यावर रंगाने लिहून घेतला, कारण पटाच्या दिवशी बैल चढवणारी माणसे दरवेळी तीच नसतात.

त्यानंतर भाराखालची रात्रभराची मोजणी पुन्हा केली. दोन्ही बाजू एकेका सेंटिमीटरच्या आत राहिल्या. पुढे जोडी तळेगाव दशासरच्या पटाला जाऊन आली. वाटेत पिवळा दिवा लागला नाही, आणि पोचल्यावर मालकांनी माझ्या सांगण्यावरून कॉम्प्रेसरच्या कवचाला हात लावून पाहिला तेव्हा ते कोमट होते.

हे सारे करण्यापूर्वी गावातल्या अनेकांचा सल्ला होता, की फुगे काढून सरळ लोखंडी स्प्रिंगा टाका, म्हणजे कटकट मिटेल. असे रूपांतर करता येते आणि काही गाड्यांत ते योग्यही ठरते. पण या गाडीत ते केले असते, तर २०५ किलोचा भार हिचवर तसाच राहिला असता आणि पुढची चाके तितकीच हलकी राहिली असती; शिवाय ट्रेलरसह समतल राहील इतकी कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला रोजच्या रस्त्यावर उडवत राहिली असती. मालकांनी फुगेच ठेवायचे ठरवले. त्यासाठी पावसाळ्यात महिन्यातून एकदा मागची चाके धुताना फुग्यांच्या दुमडीवर कमी दाबाच्या पाण्याची नळी धरून माती काढावी लागेल, हे त्यांनी मान्य केले आहे. डाव्या चाकामागे मातीचा फवारा अडवणारा रबरी पडदा अजून बसवायचा आहे. त्याचे माप घेऊन झाले आहे.